ठिपका चित्रात, धूळ कोठे?

आजोबांच्या ७५ व्या वाढदिवसाला घर माणसांनी भरून गेले होते. पुण्याहून लेक-जावई आले, इचलकरंजीहून पुतणे आले आणि बेळगावहून आजोबांच्या थोरल्या भगिनी आल्या. घरातली मुले त्यांना आत्याआजी म्हणतात. प्रवास झेपत नसतानाही भावाच्या शेजारी एकदा बसायचे म्हणून त्या आल्या होत्या. कितीतरी वर्षांनी सारी भावंडे एका ओळीत बसली आणि धाकट्या नातवाने मोबाइलवर भराभर छायाचित्रे टिपली. दुसऱ्या दिवशी सकाळी ती टीव्हीच्या मोठ्या पडद्यावर लावली, तेव्हा आजी पुढे झुकून पाहू लागल्या.

"अरे, माझ्या डोळ्यांपुढे काही आलंय का? आत्याआजींच्या कपाळावर डाग दिसतोय मला."

"तुझे डोळे चांगले आहेत गं आजी. कॅमेऱ्यात धूळ गेलीय."

नातवाचे म्हणणे खरे होते. एक करडा, पुसट कडांचा ठिपका प्रत्येक चित्रात उजवीकडे वरच्या बाजूला त्याच जागी होता. कोठे तो भिंतीवर पडला होता, कोठे आकाशावर, आणि ज्या एका चित्रात सारी भावंडे हसत होती त्यात नेमका आत्याआजींच्या कपाळावर. मग घरात उपायांची गर्दी झाली. नातवाने सदऱ्याच्या टोकाने काच घासली. काकांनी सुईच्या टोकाने कडेची फट कोरली. कोणी मोबाइल तांदळाच्या डब्यात ठेवण्यास सांगितले, तर कोणी केस वाळवण्याच्या यंत्राची गरम हवा मारण्यास. संध्याकाळपर्यंत काचेवर दोन बारीक चरे उमटले होते आणि ठिपका होता तेथेच होता.

असे प्रसंग आता घरोघरी घडतात. घरात वेगळा कॅमेरा राहिलेला नाही. लग्न, बारसे, वडीलधाऱ्यांचे अखेरचे दिवस, डॉक्टरांना पाठवायचा अहवाल, शेताचा उतारा, सारे काही मोबाइलच्या त्या बोटाच्या पेराएवढ्या भिंगातून टिपले जाते. त्या भिंगापुढे किंवा भिंगामागे एखादा कण बसला, तर काय करावे हे म्हणूनच प्रत्येक घराला ठाऊक असावे. त्यातही पहिली गोष्ट ही, की उपाय नंतर. आधी धूळ नेमकी कोठे आहे ते शोधावे. वरील घरात चूक झाली ती येथेच.

धुळीची तीन घरे

मोबाइलच्या पाठीवर जी चकचकीत गोल काच दिसते, ती भिंग नव्हे. ती केवळ भिंगाचे झाकण आहे. तिच्या खाली थोडी पोकळी असते आणि त्या पोकळीत कॅमेऱ्याचा खरा संच, म्हणजे मॉड्यूल, बसवलेला असतो. या संचात एका बारीक नळीत प्लॅस्टिकची पाच, सहा किंवा सात भिंगे एकामागे एक बसवलेली असतात. ही नळी पुढेमागे सरकवून चित्र स्पष्ट करणारी तारेची वेटोळी आणि इवलेसे चुंबक तिच्या भोवती असतात. नळीच्या तळाशी अवरक्त प्रकाश अडवणारी एक पातळ काच असते आणि तिच्याखाली सेन्सर, म्हणजे प्रकाश टिपणारा संवेदक. एवढा पसारा काही मिलिमीटर जाडीत मावतो.

यावरून धुळीला राहण्यास तीन घरे आहेत हे ध्यानात येईल. पहिले, झाकणकाचेच्या बाहेर. दुसरे, झाकणकाच आणि भिंग यांमधील पोकळीत. तिसरे, कॅमेरा-संचाच्या आत, संवेदकाजवळ. तिन्हींची लक्षणे निराळी आणि तिन्हींचे उपायही निराळे.

झाकणकाचेवर, मग आतून असो वा बाहेरून, एखादा कण बसला तर बहुधा त्याचा ठिपका उमटत नाही, हे ऐकून नवल वाटेल. त्याचे गणित सोपे आहे. मोबाइलच्या मुख्य कॅमेऱ्यात प्रकाश आत येण्याची वाट सुमारे ३ मिलिमीटर व्यासाची असते. केसाच्या जाडीएवढा, म्हणजे ०.१ मिलिमीटरचा कण त्या वाटेचा नऊशेवा हिस्सा अडवतो. एवढ्याने चित्र काळवंडत नाही, आणि कण भिंगाच्या इतका जवळ असतो की त्याची आकृती स्पष्ट उमटूच शकत नाही. मात्र तोच कण समोरून येणारा प्रखर प्रकाश सगळीकडे उधळतो. म्हणून रात्री दिव्याभोवती धुक्याचे वलय दिसते, खिडकीसमोर उभ्या माणसाचा चेहरा फिकट होतो, चित्रातील काळा रंग राखाडी वाटतो. बोटांच्या तेलकट ठशाने नेमके हेच होते, आणि कितीतरी अधिक प्रमाणात.

मुख्य कॅमेऱ्याला जे सोसते, ते शेजारच्या कॅमेऱ्यांना सोसतेच असे नाही. विस्तृत दृश्य टिपणाऱ्या कॅमेऱ्यात आणि समोरच्या, स्वतःची छबी टिपणाऱ्या कॅमेऱ्यात प्रकाशाची वाट बहुधा १ मिलिमीटरच्या आसपास असते. तेथे तोच कण वाटेचा शंभरावा हिस्सा अडवतो. म्हणून एकाच मोबाइलच्या एका कॅमेऱ्यात काही जाणवत नाही आणि दुसऱ्यात मात्र पुसट छाया पडते.

संवेदकाजवळच्या कणाची गोष्ट अगदी निराळी आहे. तेथे प्रकाशाच्या शलाका एकवटत आलेल्या असतात आणि चित्र टिपणारे एकेक बिंदू साधारण १ मायक्रॉनचे, म्हणजे मिलिमीटरच्या हजाराव्या हिश्शाचे असतात. डोळ्यांना न दिसणारा २० मायक्रॉनचा कणही तेथे कितीतरी बिंदूंवर सावली धरतो. तो संवेदकाच्या वर थोड्या अंतरावर असेल तर पुसट कडांचा करडा ठिपका उमटतो. अगदी पृष्ठभागाला चिकटला असेल तर ठळक काळा. ठिपका दिसला की संशय या तिसऱ्या घराचा घ्यावा, आणि धूसरता दिसली की पहिल्या दोहोंचा.

पांढऱ्या भिंतीची परीक्षा

परीक्षेसाठी कोणतेही यंत्र लागत नाही. प्रथम मोबाइलचे आवरण काढावे. कॅमेऱ्यावर संरक्षणासाठी वेगळी काच चिकटवली असेल तर तीही काढावी. "आत गेलेली" धूळ पुष्कळदा या चिकटवलेल्या काचेच्या खालीच सापडते. चार पैशांची काच काढून टाकताच दोष नाहीसा होतो आणि दुकानाची पायरी चढावी लागत नाही.

मग झाकणकाच मऊ कापडाने पुसून दिवसाच्या उजेडात कोऱ्या पांढऱ्या भिंतीचे किंवा निरभ्र आकाशाचे छायाचित्र घ्यावे. सूर्याकडे कॅमेरा रोखू नये. फ्लॅश बंद ठेवावा. मोबाइल एकाच रीतीने धरून वेगवेगळ्या जागांवरून घेतलेली तीन चित्रे पुरेत. ठिपका तिन्ही चित्रांत चौकटीच्या त्याच जागी आला तर दोष कॅमेऱ्यात आहे. जागा बदलली तर तो भिंतीवरचा डाग समजावा. ही चित्रे दुसऱ्या मोबाइलवर पाठवून तेथेही पाहावीत, म्हणजे डाग पडद्यावरच नाही ना, याची खात्री होते.

प्रत्येक कॅमेऱ्याची परीक्षा वेगळी घ्यावी. पाठीवर तीन भिंगे असली तर कोणते चालू आहे हे एकेकावर बोट ठेवून कळते. चित्र काळे झाले की तेच चालू. शेवटी रात्री दूरच्या एका दिव्याचे छायाचित्र घ्यावे. दिव्याभोवती पसरट धुके दिसले तर झाकणकाचेकडे लक्ष द्यावे.

डोळ्यांनी पाहायचे असेल तर दुसऱ्या मोबाइलचा टॉर्च तिरपा धरून वाचनाच्या भिंगातून पाहावे. दिसलेला कण कापडाने हलला तर तो बाहेरचा. हलला नाही तर आतला किंवा तो चराच आहे. तिरप्या प्रकाशात प्रत्येक काच मळलेली भासते हे मात्र विसरू नये. टॉर्चखाली दिसणारा पण छायाचित्रात कोठेही न दिसणारा कण हा दोष नव्हे. त्याला आहे तेथेच राहू द्यावे.

धुळीची सोंगे

काही खुणा धुळीसारख्या दिसतात, पण त्यांचे मूळ निराळे असते. अंधारात फ्लॅश लावून काढलेल्या चित्रांत पांढरे, अर्धपारदर्शक गोल तरंगताना दिसतात. जुन्या वास्तूंत किंवा रात्रीच्या समारंभात ते उमटले की कोणी त्यांना दैवी संकेत मानतो, कोणी भुताटकी. वस्तुतः हवेतील धुळीचे कण किंवा पावसाचे थेंब भिंगाजवळून जाताना फ्लॅशच्या प्रकाशात उजळतात, आणि फार जवळ असल्याने त्यांची गोल, पुसट आकृती उमटते. मोबाइलमध्ये फ्लॅश भिंगाला अगदी खेटून असल्यामुळे हे अधिक घडते. दर चित्रात त्यांची जागा बदलते, ही त्यांची खूण.

रात्री दिव्यांच्या चित्रात दिसणारा हिरवट ठिपका म्हणजे भिंगांच्या आत झालेले प्रकाशाचे परावर्तन. दिवा चौकटीच्या डावीकडे वर असेल तर हा ठिपका उजवीकडे खाली दिसतो आणि मोबाइल हलवताच तोही हलतो. त्यावर इलाज कोन बदलण्याचा, पुसण्याचा नव्हे. अंधारातल्या चित्रात लाल, निळा किंवा हिरवा असा टाचणीच्या टोकाएवढा तेजस्वी बिंदू कायम एकाच जागी दिसला, तर तो संवेदकाचा बिघडलेला बिंदू होय.

वरातीतील आणि मिरवणुकीतील लेझर दिव्यांविषयी विशेष सावध राहावे. त्यांचा झोत थेट भिंगात शिरला तर संवेदक जळू शकतो आणि चित्रात कायमची रेघ किंवा डाग उमटतो. तो कोणत्याही स्वच्छतेने जात नाही. पावसाळ्यात वातानुकूलित खोलीतून बाहेर येताच काच धूसर होते, ती बाष्पामुळे. बाहेरचे बाष्प पुसले जाते. आतले बाष्प मात्र वारंवार दिसू लागले तर मोबाइलचे सांधे सैल झाल्याची ती सूचना असते.

बाहेरची काच पुसण्याची रीत

सदऱ्याचे टोक, पदर, रुमाल, पंचा हे आपले हाताशी असलेले पुसणे. पण रस्त्यावरच्या धुळीत वाळूचे, म्हणजे क्वार्ट्झचे कण असतात. खनिजांच्या काठिण्याच्या मोह्स मापपट्टीवर क्वार्ट्झ ७ वर आहे, तर साधी काच साडेपाचच्या आसपास. कापडाखाली असा कण सापडला की आपण काच पुसत नसतो, खरवडत असतो. काही मोबाइलच्या झाकणकाचा नीलमण्याच्या जातीच्या कृत्रिम स्फटिकाच्या असतात आणि त्यांचे काठिण्य ९ असते. परंतु आपला मोबाइल त्यांपैकी आहे असे गृहीत धरू नये.

म्हणून आधी कण उडवावेत, मग काच पुसावी. कॅमेरा-दुरुस्तीच्या दुकानात मिळणारा रबरी फुगा दाबून दोन-तीन झोत मारावेत. तोंडाने फुंकर घातल्यास थुंकीचे तुषार बसतात. त्यानंतर चष्म्यासोबत मिळते तसे मऊ, धुतलेले कापड पाण्याने अगदी किंचित ओलसर करून मध्यापासून कडेकडे हलकेच फिरवावे आणि कोरड्या भागाने टिपून घ्यावे. पाणी काचेवर ओतू नये. टूथपेस्ट, राख, मीठ, नखांचा रंग उतरवणारे द्रव यांचा प्रयोग मुळीच करू नये. टूथपेस्टमध्ये घासणारी भुकटी असते, आणि द्रावकांनी काचेवरील परावर्तन रोखणारा थर खराब होऊ शकतो.

तांदळाच्या डब्याचा उपाय तर आजीपासून नातवापर्यंत सर्वांनाच ठाऊक आहे. तो धुळीसाठी निरर्थक आहे आणि पाण्यासाठीही सुचवू नये असे आता खुद्द उत्पादक सांगतात. भिजलेला आयफोन तांदळात ठेवू नये, तांदळाच्या बारीक कणांमुळे नुकसान होऊ शकते, असे अॅपलने २०२४ मध्ये आपल्या सूचनेत नोंदवले. कोंडा आणि पिठूळ असलेल्या डब्यात धूळ काढण्यासाठी मोबाइल ठेवणे म्हणजे धुळीलाच आमंत्रण देणे होय.

आतल्या धुळीचे काय करावे

कण आत आहे हे ठरले की हात आवरावा. दाबाच्या हवेचा डबा, व्हॅक्यूम क्लीनर, सुई, जोरजोरात थापट्या हे सारे उपाय दुखण्यापेक्षा महाग पडतात. दाबाची हवा ध्वनिग्राहकाच्या छिद्रातून शिरून आतील नाजूक पडदा फाडू शकते. सुई गोंदपट्टी कापते आणि एका कणाच्या जागी शंभर कणांना वाट करून देते. थापट्यांनी व कंपनांनी चित्र स्थिर ठेवणारी यंत्रणा बिघडू शकते. मोठ्या मोटारसायकलींच्या इंजिनाच्या कंपनांमुळे आयफोनच्या कॅमेऱ्यांवर परिणाम होऊ शकतो, अशी सूचना अॅपलने २०२१ मध्ये दिली होती. दुचाकीच्या हँडलवर मोबाइल अडकवून रोज मैलोनमैल जाणाऱ्यांनीही ती ध्यानात घ्यावी.

मोठ्या कॅमेऱ्यांत संवेदकावरील धूळ झटकण्याची सोय असते. ऑलिम्पसने २००३ मध्ये ई-१ या कॅमेऱ्यात संवेदकापुढील काच अतिवेगाने थरथरवून धूळ पाडणारी यंत्रणा आणली आणि पुढे इतरांनीही तसे उपाय योजले. त्या कॅमेऱ्यांची भिंगे काढता-घालता येतात, म्हणून धूळ येणारच हे तेथे गृहीतच आहे. मोबाइलचा कॅमेरा-संच धूळविरहित कक्षात जोडून कायमचा बंद केलेला असतो. तो उघडून पुसण्यासाठी बनवलेलाच नाही.

म्हणून दुरुस्तीचे दोनच मार्ग उरतात. धूळ झाकणकाचेच्या खालच्या पोकळीत असेल, तर जाणकार कारागीर मोबाइल उघडून काच आतून साफ करतो किंवा बदलतो आणि नवी गोंदपट्टी लावतो. काही मोबाइलमध्ये ही काच स्वतंत्र मिळते, काहींत ती पाठीच्या आवरणाशी जोडलेली असते. त्यानुसार खर्च बदलतो. धूळ संचाच्या आत असेल तर संपूर्ण कॅमेरा-संच बदलणे हाच उपाय. अशा वेळी "आतून साफ करून देतो" या आश्वासनावर लगेच विसंबू नये. संच उघडणार की बदलणार, हे स्पष्ट विचारावे.

घरी मोबाइल उघडण्याचा मोह टाळावाच. गोंद सैल करण्यासाठी दिलेल्या उष्णतेने आणि आत घातलेल्या पात्याने लिथियमच्या विजेरीला इजा झाली तर ती पेट घेऊ शकते. एका ठिपक्यासाठी हा धोका पत्करण्याजोगा नाही.

आणि ठिपका फारसा जाणवत नसेल, मोबाइल जुना असेल, तर काहीही न करणे हाही एक शहाणपणाचा निर्णय आहे. दुरुस्तीचा खर्च मोबाइलच्या आजच्या किमतीच्या किती पट पडतो, हे आधी पाहावे.

दुकानात देण्यापूर्वी

मोबाइल दुरुस्तीस देणे म्हणजे घराची किल्ली परक्या हाती देण्यासारखे आहे. त्यात बँकेचे व्यवहार असतात, लेकीसुनांची छायाचित्रे असतात, वैद्यकीय कागद असतात. म्हणून आधी सर्व छायाचित्रांची प्रत दुसरीकडे करून ठेवावी. सिमकार्ड आणि स्मरणकार्ड काढून घ्यावे. सॅमसंगच्या अनेक मोबाइलमध्ये मेंटेनन्स मोड आणि गूगलच्या पिक्सेलमध्ये रिपेअर मोड अशी सोय असते. ती चालू केली की कारागिराला मोबाइल तपासता येतो, पण खासगी माहिती दिसत नाही. ही सोय नसेल तर कुलूपाचा अंक चिठ्ठीवर लिहून देण्याऐवजी शक्य तेथे समोर बसून काम करून घ्यावे.

पावतीवर दोष, बदलला जाणारा भाग, तो मूळ कंपनीचा की अन्य बनावटीचा, आणि हमीचा काळ, एवढे लिहून घ्यावे. परत घेताना दुकानातच पांढऱ्या भिंतीची परीक्षा पुन्हा करावी. सर्व कॅमेरे, फ्लॅश, ध्वनिग्राहक आणि चार्जिंग तपासावे.

मोबाइल हमीच्या काळात असेल आणि तो कधी पडला, भिजला किंवा उघडला गेला नसेल, तर आत धूळ येणे ही ग्राहकाचीच चूक असे मुकाट्याने मान्य करू नये. अधिकृत सेवाकेंद्राकडे लेखी तक्रार द्यावी आणि पांढऱ्या भिंतीची चित्रे पुरावा म्हणून जोडावीत. दाद न मिळाल्यास राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइनचा १९१५ हा क्रमांक आहे. ग्राहक संरक्षण अधिनियम, २०१९ नुसार ग्राहकाला आपण राहतो तेथील जिल्हा आयोगाकडे तक्रार करता येते; कारण घडल्यापासून २ वर्षांच्या आत ती करावी लागते, आणि वस्तूसाठी मोजलेली किंमत ५ लाख रुपयांपर्यंत असेल तर शुल्क लागत नाही. केंद्र शासनाने डिसेंबर २०२२ मध्ये दुरुस्तीच्या हक्काचे संकेतस्थळही सुरू केले आहे. दुरुस्ती आणि सुट्या भागांची माहिती ग्राहकाला मिळावी हा त्यामागील हेतू असून मोबाइल व इलेक्ट्रॉनिक वस्तूंचा त्यात समावेश आहे.

काढून झालेल्या छायाचित्रांचे काय?

ठिपका चित्रातून पुसणारी साधने आता मोबाइलमध्येच असतात. डागावर बोट फिरवले की तो नाहीसा होतो. पण तेथे खाली दडलेले खरे चित्र बाहेर येत नसते. आजूबाजूचा रंग आणि पोत पाहून ती जागा अंदाजाने भरली जाते. आकाश, भिंत, साडीचा सपाट काठ अशा ठिकाणी हा अंदाज सहज खपतो. चेहऱ्यावर मात्र तो जपून वापरावा आणि मूळ चित्र कधीही खोडू नये.

कागदपत्रांच्या बाबतीत तर हा अंदाज धोक्याचा आहे. आपल्या लिपीत एका टिंबाने अर्थ पालटतो. 'वश'चा 'वंश' होतो, 'मद'चा 'मंद' होतो. आजोळच्या जुन्या वहीचे, आजीने हाताने लिहिलेल्या पाककृतींचे किंवा जीर्ण पोथीचे पान टिपताना संवेदकावरचा कण अक्षराच्या डोक्यावर बसला, तर पुढच्या पिढीने तो अनुस्वार म्हणून वाचावा! हिशेबाच्या आकड्यात तोच दशांशचिन्ह होतो. त्वचेवरच्या तिळाचे चित्र डॉक्टरांना पाठवताना तो दुसरा तीळ वाटू शकतो. अशी चित्रे पुसू नयेत. मोबाइल थोडा सरकवून त्याच पानाचे दुसरे चित्र घ्यावे. पहिल्यात ठिपक्याखाली झाकलेली जागा दुसऱ्यात मोकळी होते आणि खरे काय ते कळते. कॅमेरा दुरुस्त होईपर्यंत महत्त्वाचा प्रत्येक कागद असाच दोनदा टिपावा.

धूळ आत जाते कशी?

मोबाइल श्वास घेतो, असे म्हटले तर अतिशयोक्ती नाही. चार्जिंग करताना किंवा उन्हात तो तापतो, आतली हवा प्रसरण पावते आणि फटींतून बाहेर पडते. थंड होताना बाहेरची हवा आत येते आणि सोबत धूळही आणते. आयपी ६८ असा शिक्का असलेल्या मोबाइलमधील ६ हा अंक धुळीपासून पूर्ण संरक्षणाचा आणि ८ हा पाण्यापासूनच्या संरक्षणाचा. ही धुळीची कसोटी टाल्कम पावडरने भरलेल्या बंद पेटीत घेतली जाते. पण ती नव्या मोबाइलची कसोटी असते. मोबाइल दोनदा पडला, विजेरी फुगून पाठ उचलली गेली किंवा दुरुस्तीनंतर गोंदपट्टी नीट बसली नाही, की शिक्का तसाच राहतो आणि संरक्षण उरत नाही.

आपल्याकडे धुळीचे प्रकारही पुष्कळ. इचलकरंजीच्या यंत्रमागांवर सुताची तूस उडते. कोल्हापूरच्या फाउंड्रीत वाळू आणि लोखंडाचा कीस असतो, आणि कॅमेऱ्यातील व ध्वनिक्षेपकातील चुंबक हा कीस ओढून घेतात. पिठाच्या गिरणीत पीठ, जोतिबाच्या यात्रेत गुलाल, जेजुरीला भंडारा. अशा ठिकाणी मोबाइल साध्या प्लॅस्टिकच्या स्वच्छ, बंद पिशवीत ठेवावा. पिशवीतूनही बरे चित्र येते. गुलाल उडाल्यानंतर मोबाइल लगेच चार्जिंगला लावू नये. आधी मऊ ब्रशने कडा झटकाव्यात. ज्या खिशात सुटी नाणी, सुपारीचे खांड किंवा तंबाखूची पुडी असते, त्यात तो ठेवूच नये. आवरण महिन्यातून एकदा काढून आतून धुवावे आणि पूर्ण वाळल्यावर चढवावे. झाकणकाचेला तडा गेला तर ती ताबडतोब बदलावी. त्या तड्यातून आत जाणारी धूळ पुढे साऱ्या कॅमेरा-संचाचा खर्च उभा करते.

आणि कार्यक्रमाच्या आदल्या दिवशी पांढऱ्या भिंतीचे एक चित्र घेऊन पाहावे. दोन मिनिटांचे हे काम आहे. कॅमेरा दुसऱ्या दिवशीही दुरुस्त करता येतो; जमलेली माणसे मात्र पुन्हा तशीच जमतील याची खात्री नसते.

त्या घरातला मोबाइल अखेर दुकानात गेला. कारागिराने पांढऱ्या कागदाचे चित्र घेतले, टॉर्च तिरपा धरून पाहिले आणि म्हणाला, "काका, ठिपका या काचेवर नव्हताच. तो आत संचात आहे. पण आता चरे पडलेत, म्हणून काचही बदलावी लागेल." एका कणाचा खर्च धुळीचा होता, काचेचा खर्च घाईचा.

नातवाने त्या दिवशीची सारी चित्रे संगणकावर उतरवून घेतली. भिंतीवरचे, आकाशावरचे ठिपके त्याने पुसले. भावंडांच्या त्या एका चित्रापाशी येऊन मात्र तो थांबला. कपाळावरचा डाग पुसला तर साधन तेथे कोणत्या सुरकुत्या भरील, हे त्याला सांगता येईना. त्याने मूळ चित्र तसेच जपून ठेवले आणि रविवारी वडिलांसह बेळगावची गाडी धरली. दुरुस्त झालेला मोबाइल खिशात होता. आत्याआजींच्या दारात पोहोचल्यावर त्याने आधी अंगणातल्या पांढऱ्या भिंतीचे एक चित्र घेतले, ते मोठे करून नीट न्याहाळले, आणि मग म्हणाला, "आत्याआजी, जरा उजेडात बसता का?"